डुरकी कुठून येते

शिकार कुठल्या रानात करायची, हे आमच्या गावी देव सांगायचा. राजापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. शिमगा उरकला की गावपारध निघायची, आणि त्याआधी देवळात कौल लावायचा. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायचा. उजवीकडची पडली तर वरचं रान, डावीकडची पडली तर खालचं. माझे थोरले काका ठासणीची बंदूक खांद्याला लावून देवळाबाहेर उभे असायचे आणि कौल मिळाला की गावाला हाक द्यायचे. एका वर्षी वरच्या रानाचा स्वच्छ कौल मिळूनही दिवसभरात एक ससा तेवढा उठला, आणि तोही सुटला. पण देवाला कुणी बोल लावला नाही. हाकाऱ्यांनी ओरडण्यात कुचराई केली असं ठरलं.

माझे वडील मोजणी खात्यात होते. त्यांचा कौलावर विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. "रान देवाने सांगावं, ते कुणाच्या हद्दीत येतं ते मी सांगतो," एवढंच म्हणायचे. त्यांनी मला लहानपणी साखळी धरायला शिकवली आणि फील्डबुक लिहायला शिकवलं. जे दिसलं ते लिहायचं, आवडलं नाही तरी लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. हा त्यांचा एकच नियम होता. तो मी पाळतो अशी माझी समजूत होती.

मी त्यांच्याच वळणावर गेलो. एकोणीसशे पन्नासचं दशक उताराला लागलं होतं, तेव्हा खाणींच्या मोजणीत डॉक्टरेट करायला जर्मनीत आखनला आलो. जर्मन बरं यायचं, गणित उत्तम यायचं आणि स्वतःबद्दलचं मत त्याहून उत्तम होतं. जमिनीखाली चारशे मीटरवर बोगदा नेमका कुठे निघणार हे मी वर उभा राहून सांगू शकत होतो. असा माणूस जमिनीवरच्या कशाला घाबरणार?

राहायला मी माळ्यावरच्या उतरत्या छपराच्या खोलीत होतो. घरमालक कापड गिरणीतून निवृत्त झालेले फोरमन. गल्लीत सगळे त्यांना माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणत, मीही म्हणायचो. ते मला 'हेर इंगेनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असायची. उंच, वाकलेले, पांढऱ्या भरघोस भुवयांचे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांना सवय होती. पहिले काही महिने मला वाटायचं, माझ्या जर्मन उच्चारांची त्यांना गंमत वाटते आहे.

एका रविवारी मालकीणबाई चर्चला गेल्या होत्या. खालून किटलीची शिट्टी ऐकू येऊ लागली ती थांबेचना. मी खाली आलो. माइस्टर शेगडीकडे पाठ करून खिडकीशी पेपर वाचत बसले होते, आणि किटली त्यांच्यापासून चार हातांवर बोंब मारत होती. मी ती उतरवली. मग माझ्या डोक्यात चक्र फिरलं. मी त्यांच्या मागे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "माइस्टर, तुमच्या कोटाला आग लागली आहे."

ते हलले नाहीत. पेपरचं पान उलटलं, आणि मग मान न वळवता म्हणाले, "आग लागली असती तर धग लागली असती, हेर इंगेनिअर."

त्यांनी खिडकीच्या काचेत माझे ओठ वाचले होते.

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली होती. गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. त्यामुळे कान कधी गेले ते त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही. "उजेडात मला सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "अंधारलं की मी बहिरा." ही गोष्ट मालकीणबाईंना माहीत होती, आता मला कळली होती, आणि तिसऱ्या कुणाला कळता कामा नये होती.

याचं कारण शिकार. आखनच्या दक्षिणेला आयफेलचे डोंगर सुरू होतात. तिथल्या एका जंगलाचा शिकारीचा हक्क माइस्टरच्या शाळासोबत्याने, लाकडाच्या एका व्यापाऱ्याने, भाडेपट्ट्याने घेतला होता आणि माइस्टरना तिथे शिकारीची मुभा होती. हा व्यापारी सज्जन माणूस, पण नियमाला पक्का. आदल्या वर्षी एका निवृत्त पोस्टमास्तरांना अंधुक दिसतं हे लक्षात आल्यावर त्याने त्यांना घरी बोलावून कॉफी पाजली, केक खाऊ घातला आणि बंदूक काढून घेतली. पोस्टमास्तर पुन्हा जंगलाकडे फिरकले नाहीत. बहिऱ्याला वेगळा न्याय मिळण्याचं कारण नव्हतं.

आणि नेमकी याच वर्षी हिर्शची पाळी माइस्टरची होती. हिर्श म्हणजे तिकडचं लाल हरीण, आपल्या सांबराचा गोरा भाऊबंद म्हणा. त्या जंगलात वर्षाला एकच म्हातारा नर मारायची परवानगी असे, आणि तो कुणी मारायचा हे पाळीने ठरे. युद्धानंतर काही वर्षं जर्मनांना बंदूक बाळगायलाच बंदी होती. ती उठल्यावर माइस्टर पाळीची वाट बघत राहिले. आयुष्यात त्यांनी डुकरं मारली होती, लहान हरणं मारली होती, पण म्हातारा हिर्श एकदाही नाही.

"एक," ते बोट वर करून म्हणाले. "त्यानंतर बंदूक गेली तरी चालेल."

म्हातारा हिर्श वर्षभर दाट झाडीत असतो, कुणाच्या नजरेला पडत नाही. सप्टेंबर संपत येतो तेव्हा मात्र तो माजावर येतो, माद्यांचा कळप गोळा करतो आणि संध्याकाळी नि पहाटे बैलासारखा डुरकतो. या माजाला ते ब्रुन्फ्ट म्हणतात. वर्षातले हे दोन-तीन आठवडेच तो आपला ठावठिकाणा स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिकारी आधी काही दिवस बंदूक घरी ठेवून नुसते कान देऊन बसतात. कोण डुरकतो, कुठून डुरकतो, त्याला कोण उत्तर देतं, हे ऐकतात आणि मग कुठे बसायचं ते ठरवतात. आमच्याकडे देव कौल देई. इथे ज्याला मारायचं तोच कौल देत होता, आणि तो नेमका माइस्टरना ऐकू येत नव्हता.

"तुम्ही माझे कान व्हाल का?" त्यांनी विचारलं. माइस्टरसारख्या माणसाला हे विचारताना काय वाटलं असेल, याचा मी तेव्हा विचारसुद्धा केला नाही. मला भलताच आनंद झाला. आवाज कुठून येतो हे शोधायचं? ते तर दोन ठिकाणांहून दिशा घ्यायच्या आणि नकाशावर दोन रेघा मारायच्या, इतकं सोपं काम होतं. माझ्या वडिलांनी ते मला बाराव्या वर्षी शिकवलं होतं.

बुधवारी दुपारी आम्ही निघालो, त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर. ते चालवत आणि मी मागे. मागून गाडी आली की मी त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारायची, ती पुढे निघून गेली की उजव्या. एवढ्या भांडवलावर आम्ही आयफेलचा घाट चढलो. माझा जीव मुठीत होता, त्यांचा मुळीच नव्हता.

जंगल म्हणजे एक लांब डोंगरसोंड होती. तिच्या एका बाजूला ओढा आणि ओढ्याकाठचं कुरण, दुसऱ्या बाजूला रस्ता. समोर, ओढ्याच्या पलीकडे, पाटीच्या दगडाची एक बंद पडलेली खाण होती. उभा तुटलेला काळा कडा. बुधवारी संध्याकाळी मी रस्त्याच्या वळणावर होकायंत्र घेऊन बसलो. सूर्य झाडीमागे गेला, गारठा पडला, आणि मग आली ती पहिली डुरकी.

आजही ती आठवली की अंगावर काटा येतो. सुरुवात खोल आणि ओढलेली, शेवटी तीन-चार धक्के. मी इतका दचकलो की होकायंत्र हातातून पडता पडता वाचलं. मग लागोपाठ डुरक्या येत राहिल्या आणि मी दिशा लिहीत गेलो. गुरुवारी तेच काम मी सोंडेच्या दुसऱ्या टोकाला, एका लहानशा प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून केलं. माइस्टर दोन्ही दिवस माझ्याशेजारी होते. डुरकी आली की मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचो. ते मान डोलवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे, मी जेवतो आहे आणि ते उपाशी आहेत अशा नजरेने.

नकाशावर दोन रेघा मारल्या. खाणीच्या कड्यावर त्या अशा सुरेख छेदल्या की मी स्वतःवर खूश झालो. एकच किरकोळ गोष्ट होती. दर वेळी मोठ्या डुरकीच्या जराशी आधी एक बारीक, दबलेली डुरकी यायची, ओढ्याच्या कुरणाकडून. दोन्ही ठिकाणांहून ती ऐकू आली होती. मी ती वहीत टिपलीही होती. पण माझं मत असं झालं की ते एखादं तरणं पोरगं असावं, म्हाताऱ्याला डिवचणारं, आणि म्हातारा त्याला दटावत असावा. आमच्या कामाचा म्हातारा होता. मी त्या नोंदीवर आडवी रेघ मारली.

"खाण," मी माइस्टरना सांगितलं. "कड्याच्या पायथ्याशी. वीस मीटर इकडेतिकडे."

"नक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ," मी म्हणालो, मराठीत, आणि मग त्याचं जर्मन केलं.

शुक्रवारी संध्याकाळी शिकाऱ्यांच्या लाकडी झोपडीत जमायचं असे. भिंतीवर जंगलाचा मोठा नकाशा, त्यात प्रत्येक मचाणाच्या जागी एक खिळा. उद्या पहाटे ज्याला जिथे बसायचं त्याने तिथे आपली लाकडी पट्टी टांगायची, म्हणजे चुकून एकमेकांवर गोळी चालत नाही. सगळ्यांसमक्ष टांगायची, आणि एकदा टांगली की त्या पहाटेपुरती बदलायची नाही. व्यापारी आला होता, एक दातांचा डॉक्टर आला होता. मला सगळ्यांनी हस्तांदोलन करून वाइन दिली. भारतात वाघ किती मारले ते विचारलं, आणि एकही नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले.

"बरं तर, माइस्टर," व्यापारी म्हणाला, "कुठे?"

माइस्टरनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पट्टी खाणीच्या खिळ्यावर टांगली.

व्यापारी वाइनची बाटली घ्यायला वळला. पाठमोऱ्यानेच तो म्हणाला, "खाणीपाशी? माद्या तर आठवडाभर ओढ्याच्या कुरणात चरताहेत. तुला माहीत असेलच म्हणा."

माइस्टरना तो नुसता पाठमोरा दिसत होता. ते हसरा चेहरा ठेवून उभे होते. हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवायला त्या खोलीत माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि मी ते पोचवलं नाही. विसरलो नव्हतो. मला वाटलं, माद्या कुठे चरतात याच्याशी आपल्याला काय करायचं आहे? माझ्याकडे दोन रेघा होत्या. आणि खरं सांगायचं तर, लाकडाच्या व्यापाऱ्याने माझ्या मोजणीत नाक खुपसावं हे मला रुचलं नाही.

शनिवारी पहाटे आम्ही खाणीसमोरच्या मचाणावर चढलो. माइस्टर मांडीवर बंदूक ठेवून बसले. मोटारसायकलवरच्यासारखी खूण इथेही ठेवली होती, डुरकी डावीकडून आली तर डावा खांदा, उजवीकडून आली तर उजवा. उजाडायला लागलं. आणि डुरकी आली.

कड्यावरून आली, पण पाठीमागूनही आली. आता ती मागची दबलेली डुरकी चांगली भरदार होती, आणि कड्याची तिच्या मागोमाग येत होती.  उजेड वाढत गेला तसा काळा कडा समोर उघडा पडत गेला. तिथे गवताची काडी नव्हती. दोन कावळे बसले होते. हिर्श उभा राहील इतकी जागादेखील तिथे नव्हती. डुरकी मात्र त्या कोऱ्या दगडातून येतच राहिली.

माइस्टरनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कुठला खांदा थोपटणार? शेवटी बोटाने पाठीमागे दाखवलं, सोंडेच्या दिशेने, कुरणाकडे.

माइस्टरनी बंदुकीतली काडतुसं काढली, खाली उतरले, एका ओंडक्यावर बसले आणि मला समोर बसवलं, उजेडात. "आता मला सांगा," ते म्हणाले. "कुठून ते नको. काय काय ऐकलंत ते सांगा. सगळं."

मी वही उघडली. खोडलेली ओळ त्यांनी माझ्याआधी पाहिली.

"हे काय?"

"दुसरा एक लहान हिर्श. कुरणाकडे. तो आधी ओरडतो, मग मोठा उत्तर देतो."

"नेहमी लहानच आधी?"

"हो."

"मोठा कधी आपणहून ओरडला? एकदा तरी?"

मी पानं उलटली. एकदाही नाही. "लहान ओरडला आणि मोठा गप्प राहिला, असं झालं?" तेही एकदा नाही. मला माझं उत्तर माझ्याच अक्षरात दिसायला लागलं होतं.

"तीन दिवस एक पोरगं म्हाताऱ्याला रोज शंभरदा शिव्या देतं," माइस्टर म्हणाले, "आणि जिवंत राहतं? असं पोरगं मी पाहिलेलं नाही. एकच हिर्श आहे, हेर इंगेनिअर. कुरणात. मधे सोंड आहे म्हणून त्याचा आवाज तुम्हाला दबलेला आला. समोर कडा आहे म्हणून तोच आवाज तिथून मोठा होऊन परतला. तुम्ही भिंत मोजलीत."

मी व्यापाऱ्याचं वाक्यही सांगून टाकलं. आता लपवून काय उपयोग होता? तेव्हा मात्र ते चिडले. त्यांचा आवाज चढला, आणि तो किती चढला हे त्यांना कळत नसल्यामुळे दोन्ही कावळे उडाले. "मी तुमच्याकडे आवाज मागितला होता," ते म्हणाले. "तुम्ही मला उत्तर आणून दिलंत. उत्तर माझं मी काढलं असतं. मी पन्नास वर्षं या रानात फिरतो आहे. मला फक्त ऐकू येत नाही."

इतकं खरं माझ्या तोंडावर तोवर कुणी बोललं नव्हतं. मला वडील आठवले. मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला आणि वही मागून घेतली.

पुढचं सगळं त्यांनी केलं आणि मी नुसता बघत राहिलो. कुरणाच्या वरच्या टोकाला एक मचाण होतं. तिथे बसायचं नाही, कारण पहाटेचा गार वारा ओढ्याबरोबर खाली वाहतो आणि आमचा वास सरळ कळपात गेला असता. खाली, जिथे ओढा वळतो तिथे अल्डरची जुनी झाडं होती. तिथे मचाण नव्हतं. "मला बुंधा पुरे आहे," ते म्हणाले. हिर्श कुठे आहे हा प्रश्न त्यांनी बाजूलाच ठेवला. माद्या पाण्याला कुठून उतरतात ते बघितलं, चिखलातले खुर बोटांनी चाचपले. "माद्या जातील तिथे तो येईल. माजात त्याची अक्कल चालत नाही, त्यांची चालते." संध्याकाळी झोपडीत त्यांनी पट्टी त्या वळणापाशी टाचणीने लावली. व्यापाऱ्याने मान डोलवली आणि पाठमोरा होऊन काहीतरी म्हणाला. मी माइस्टरच्या समोर गेलो आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "ते म्हणतात, मीही तिथेच बसलो असतो."

रविवारी पहाटे कुरणावर कमरेइतकं धुकं होतं. आम्ही बुंध्याला पाठ लावून बसलो. आधी माद्या दिसल्या, धुक्यावर नुसत्या माना. मोजायची सवय म्हणून मी मोजल्या, सात होत्या. डुरकी आली, डावा खांदा. पुन्हा आली, जवळून, डावा खांदा. मग बराच वेळ काही नाही. माइस्टरचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांना तोही ऐकू येत नसेल असं मनात आलं आणि मला त्यांची अशी काही माया आली की सांगता येत नाही.

मग तो डुरकला, इतक्या जवळ की बुंधा हलल्याचं पाठीला जाणवलं. मी हात उचलला, पण माइस्टरनी तो धरून खाली ठेवला. त्यांचा तळवा झाडाच्या सालीवर होता आणि तोंड उघडं राहिलं होतं.

"हा," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "हा मला आला."

तो धुक्यातून बाहेर आला. मान जाड, पोट लोंबतं, पाठ वाकलेली. म्हातारा होता. त्यांनी नेम धरला आणि गोळी झाडली. एकच. हिर्श चाळीस-पन्नास पावलं पळाला आणि कुरणाच्या कडेला पडला. रीतीप्रमाणे आम्ही थांबून राहिलो. माइस्टरनी पाइप काढला, काडी मी ओढली.

बार ऐकून व्यापारी आला, मागोमाग डॉक्टर आला. व्यापाऱ्याने टोपी काढली, फरच्या झाडाच्या डहाळ्या तोडल्या. एक हिर्शच्या तोंडात ठेवली, हा त्याचा शेवटचा घास. दुसरी त्याच्या जखमेला लावली, टोपीवर ठेवली आणि ती टोपी माइस्टरपुढे धरली. "वाइडमान्सहाइल, जुन्या मित्रा." शिकाऱ्याचं अभिनंदन असं करतात. ही डहाळी शिकारी स्वतःच्या टोपीत खोवतो आणि दिवसभर मिरवतो. माइस्टरनी ती घेतली, धन्यवाद दिले. मग ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

जखमी जनावर कुत्र्याने शोधून काढलं तर कुत्रेवाल्याला अर्धी डहाळी देतात, एरवी नाही. व्यापारी हसला. "हिर्श तर समोर पडला आहे. कुत्रा कुठे होता?"

"कुत्रा नव्हता," माइस्टर म्हणाले. "कान होते. तीन वर्षं तरी झाली, मला ऐकू येत नाही."

मी मधे पडायला तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग बंदूक उघडली, रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवलं आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली. "कॉफी पाजू नकोस," ते म्हणाले. "मला ती पोस्टमास्तरांचीच आठवत राहील." व्यापारी दोन्ही हातांत दोन बंदुका घेऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण त्याने बंदूक परत दिली नाही. ते योग्यच होतं.

मी मात्र भयंकर संतापलो होतो. परतताना घाट उतरेपर्यंत मी माइस्टरच्या पाठीला मराठीतून बोलत होतो. कशाला सांगितलंत? मी आणखी चार वर्षं आहे इथे. दर वर्षी आलो असतो, कुणाला पत्ता लागू दिला नसता. अर्धी डहाळी मला नको होती, तुमची बंदूक राहायला हवी होती.  त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही. मागून एक ट्रक आला, मी डाव्या खांद्यावर थाप मारली, ते बाजूला झाले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, घंटा वाजली. मी जिन्यातून खाली आलो तर स्वयंपाकघरात व्यापारी आला होता. वर्षभरात तो पहिल्यांदाच या घरी येत होता. मालकीणबाईंनी त्याच्यासाठी टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली होती. ती त्याने उचलली, खिडकीसमोर नेऊन ठेवली आणि सगळा उजेड स्वतःच्या तोंडावर येईल असा बसला. मग एकेक शब्द सावकाश बोलत त्याने विचारलं,

"माइस्टर, यंदा पाळी माझी आहे. कुठे बसू?"

 माइस्टरनी मान वळवून मला पायरीवर पाहिलं.

"हेर इंगेनिअर, वही घ्या," ते म्हणाले. "आणि या वेळी काही खोडू नका."